तेल लागलेले हात

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा आमच्या घरातली प्रार्थना बंद पडल्यातच जमा होती. भिंतीवर क्रूस होता, त्याखाली लाल दिवा होता, तो मी रोज लावतही होते, पण सकाळी दूध तापत ठेवावं तसा. ऐंशी साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. माझे मिस्टर बहरीनला कामाला होते आणि त्यांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. घरात मी आणि माझी सासू. नाताळच्या तोंडावर ती न्हाणीत घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. तिचं वय बघून डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नाही. तेव्हापासून ती खाटेवर, आणि मी म्युनिसिपालिटीची सकाळची शाळा आणि ती खाट यांच्यामध्ये. देव आहे की नाही असा प्रश्न मला कधी पडला नाही. वसईकडे शेतावर वाढलेल्या मुलीला तो सहसा पडत नाही. माझा प्रश्न त्याहून घरगुती होता. देव आहे, ठीक आहे, पण आमच्या घराचा पत्ता त्याला माहीत आहे का? जपमाळ हातात घेतली की पहिल्या दहा मण्यांतच माझा डोळा लागायचा, आणि जाग आली की देवापेक्षा आधी बादली आठवायची.

सासूला सगळं गावठाण मामाय म्हणे. आमच्याकडे आजीला मामाय म्हणतात, आणि अंधेरीच्या पूर्वेकडच्या आमच्या गावठाणात तिच्याहून म्हातारं माणूस उरलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांचीच मामाय. जिथे आता विमानं उतरतात तिथल्या शेतांत तिनं भात लावला होता. डोक्यावरून विमान गेलं की ती वर बघून म्हणायची, "गेला माजे खाचरावरशी." शाळा तिनं बाहेरून पाहिलेली, पण प्रार्थना मात्र सगळ्या तोंडपाठ, आणि त्यात कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला तर तिथल्या तिथे कान धरायची. माझेही धरले आहेत, तेही लग्नानंतर, वाडीच्या क्रुसासमोर, चारचौघींत.

तिच्या महिन्याचा कणा म्हणजे पहिला शुक्रवार. गुडघे धरल्यापासून, म्हणजे पडायच्या आधीपासूनच, तिला चर्चपर्यंत चालवत नसे, म्हणून त्या दिवशी आमचे जुने फादर तिच्यासाठी घरी कम्युनियन घेऊन येत, म्हणजे मिस्साच्या उपासनेत अर्पण केलेली ती पातळ पांढरी भाकर, जी आमच्यासाठी साक्षात प्रभू. आदल्या दिवसापासून तिची लगबग सुरू व्हायची. खाटेशेजारच्या टेबलावर इस्त्रीचं पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, पाण्याचा पेला, आणि अंगावर धुतलेलं लुगडं. आता तासाभराचा उपवास पुरतो हे तिला सांगून मी थकले. ती आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. फादर येऊन गेले की दिवसभर तिच्या कंबरेचं दुखणं म्हणे निम्मं व्हायचं. माझ्या दृष्टीनं ते खरं असो नसो, त्या दिवशी ती मला हाक कमी मारायची, एवढं मात्र खरं.

जानेवारीत जुने फादर निवृत्त झाले आणि नवे आले. बारीक अंगाचे, घसा कायम बसलेला. एका रविवारी मिस्सा संपल्यावर ते वेदीवरून खाली उतरून बाकांच्या मधल्या वाटेत उभे राहिले आणि म्हणाले की गावठाणं, चाळी, नव्या कॉलन्या मिळून आपली पॅरिश एवढी वाढली आहे की मी आणि मदतीचे फादर अशा आम्हा दोघांनी धावत राहिलं तरी अर्ध्या दारांशी पोचणार नाही. चर्च तुमचं आहे, तर कामही तुम्ही वाटून घ्या. पॅरिशचे विभाग पडतील, प्रत्येक विभाग आपला पुढारी निवडेल, आणि आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेण्यासाठी काही साध्या स्त्रीपुरुषांना तयार केलं जाईल, त्याची बिशपांनी परवानगी दिली आहे. बाहेर पडताना लोकांत कुजबुज सुरू झाली. "फादर कामचुकार दिसतोय," असं आमच्या आळीच्या टोकाला राहणारे बावतीस काका सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. मलाही वाटलं, झालं, आता आणखी एक काम आपल्या गळ्यात.

आमच्या विभागानं रोझीबायला निवडलं. ती समोरच राहायची, विधवा, मसाला कुटून बाटल्यांत भरून विकायची, त्यामुळे तिच्या नुसत्या येण्यानं दोन घरं शिंकायची. निवड झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आमच्या ओटीवर आली आणि मला म्हणाली, "अगं, तू शाळेत जातेस तेव्हा मामायजवळ कोण असतं?" मी म्हटलं, कोणी नाही, पाणी उशाशी ठेवते आणि कडी लावून जाते. तर म्हणाली, "तू काय दगड आहेस का गं? सांगायचं ना!" मला कुणाचे उपकार नको होते आणि मी तसं स्पष्ट बोलले. तिनं ऐकलंच नाही. सोमवारपासून पाळ्या लागल्या. आळीतल्या बायका आळीपाळीनं येऊन बसायला लागल्या. एक पेज घेऊन यायची, एक विणकाम घेऊन, आणि कॉलनीतली एक मंगळूरकडची बाई, जिला मराठी धड येत नव्हतं, ती मामायबरोबर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, करायची. अर्धी प्रार्थना ही कोकणीत म्हणणार, उरलेली अर्धी मामाय मराठीत. एकदा मी शाळेतून लवकर आले तेव्हा दारात उभी राहून ऐकत होते. दोन भाषा, पण ताल एक. मामायनं त्या बाईचा कान धरला नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी नवे फादर स्वतः येऊन गेले. मामायचं पापनिवेदन ऐकलं, कम्युनियन दिलं, आणि जाताना तिचा हात हातात घेऊन म्हणाले की यापुढे आमच्या विभागातल्या आजाऱ्यांकडे दर शुक्रवारी सायमन येईल. महिन्यातून एकदाच्या ऐवजी दर आठवड्याला. मामाय हसली. तिला वाटलं, सायमन हा तिसरा फादर असेल.

सायमन मरोळच्या एका चाळीत राहायचा आणि कारखान्यात फिटर होता. त्याची भाषा कारखान्यात शिकलेली, चार प्रांतांची. मी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी तो दारात उभा राहिला, पांढरा सदरा, केसांना पाणी लावून पाडलेला भांग, आणि उजवा हात छातीवरच्या खिशावर. त्या खिशात कम्युनियनची छोटी गोल डबी होती. ती जवळ असताना तो वाटेत कुणाशी बोलत नसे. गावठाणातल्या लोकांना हळूहळू तेही कळलं, आणि तो दिसला की माणसं विडी खाली करायची. पण हे सगळं नंतरचं. त्या पहिल्या दिवशी मामायनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, फादरांचा झगा नाही, गळ्याला पांढरी पट्टी नाही, आणि सरळ विचारलं,

"तुजे हाताला तेल लागलाय काय?"

सायमननं दचकून हात पुढे केले, उलटेसुलटे करून पाहिले. बोटांच्या रेषांत आणि नखांच्या कडांना मशीनचा काळेपणा मुरलेला होता, तो कितीही घासला तरी जाण्यातला नव्हता. बिचारा ओशाळून म्हणाला, "नाय मामाय. रॉकेलनं धुतलेत. मग साबणानं, दोन टायम. वास घेऊन बघा पायजे तर."

मला हसू आवरेना. किती तरी महिन्यांनी मी हसले असेन. पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा मामायनं पदर चेहऱ्यावर ओढून घेतला होता आणि भिंतीकडे तोंड केलं होतं. पदराआडून आवाज आला, "मना फादर पायजे." सायमन डबी धरून उभा. त्यानं पदराशी एकदोनदा हळूच बोलून पाहिलं, मग आपली प्रार्थना म्हटली आणि निघाला. दाराशी मी त्याला समजावलं. फादर होताना बिशप त्या माणसाच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. आमच्या जुन्या माणसांच्या मनात ते पक्कं बसलेलं असतं की ज्या हातांना ते तेल लागलं त्याच हातांनी प्रभूला धरायचं. मामाय त्या तेलाबद्दल विचारत होती, ग्रीसबद्दल नाही. सायमनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "असं होय," तो म्हणाला. "ते तेल आपल्याकडे कुठून येणार, टीचर?" मग डबी खिशात नीट ठेवत म्हणाला, "मी येत जाईन. नाय घेतलं तर नाय घेतलं. बसून जाईन."

तो येत राहिला. दर शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत चर्चमध्ये, तिथून चालत आमच्याकडे. मामायचा पदर चेहऱ्यावर, सायमन स्टुलावर. प्रार्थना म्हणायचा, थोडा वेळ नुसता बसायचा, आणि डबी तशीच घेऊन भर उन्हातून परत चर्चमध्ये नेऊन ठेवायचा. मला त्याची दया येई आणि रागही. एकदा मी म्हटलं, अरे बाबा, कशाला हेलपाटे घालतोस, ती ऐकणारी नाही. तर म्हणाला, "टीचर, घरातलं माणूस जेवत नसलं तरी ताट वाढतातच ना." त्याचं ते बोलणं आवडलं नाही असं नाही, पण ताट परत जात होतं आणि माणूस उपाशी होतं, हेही मी बघत होते.

कारण मामाय खरंच खंगत चालली होती. फादर शेवटचे येऊन गेले त्याला महिना होऊन गेला. आयुष्यात ती एवढे दिवस कम्युनियनविना कधी राहिली नव्हती, निदान मी तिला ओळखते तेव्हापासून तरी नाही. पेज दोन चमच्यांवर आली. बहरीनहून मुलाची कॅसेट आली की पूर्वी ती दहादा ऐकायची. आता एकदा ऐकून टेपरेकॉर्डर बंद कर म्हणाली. रोज विचारायची, "फादर कवा येल?" आणि तिच्या हट्टाची लागण इतरांनाही झाली. बावतीस काका दम्यानं घरी बसले होते, त्यांनी सायमनला दारातूनच सांगितलं, मामाय घेईल त्या दिवशी मी घेईन. पलीकडच्या दोन म्हाताऱ्याही तेच म्हणाल्या.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, सोमवारी, मी फादरांकडे गेले. जाताना ठरवलं होतं की नीट बोलायचं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, आणि मी उभ्यानंच सुरू झाले. म्हटलं, तुम्ही एकदा येऊन तिला कम्युनियन द्यायला पाच मिनिटं लागतील. ते म्हणाले की मी पुन्हा गेलो तर सायमनच्या हातून कोणीच घेणार नाही, सगळे मामायकडे बघताहेत, आणि मग ज्या घरांत त्याच्या आधी कोणी कधी पोचलंच नव्हतं ती घरं पुन्हा तशीच राहतील. ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून मला आणखीच राग आला. "फादर, एका म्हातारीच्या जिवावर तुम्ही तुमची पॅरिश उभी करताय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, ऑफिसबाहेर बसलेली माणसं आत डोकावली. फादरांनी उठून दार लोटलं. मग त्यांच्या त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "तुमचं खरं आहे, टीचर. या शुक्रवारी मी येतो." घरी जाऊन मी मामायला सांगितलं तेव्हा तिनं माझा गाल कुरवाळला. तिला माझं कौतुक वाटलं म्हणजे ती तसं करायची, आणि ते वर्षातून एकदा व्हायचं.

पण मी मोठ्या तोऱ्यात जिंकून आणलेला शुक्रवार उजाडण्याआधीच सगळं फिसकटलं. बुधवारी मामायला ताप भरला. गुरुवारी ती माणसं ओळखेना. शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या सकाळी, तिचे डोळे अर्धे मिटलेले आणि घशात घरघर. डॉक्टर येऊन नाडी बघून गेले आणि दाराशी मला म्हणाले, मुलाला कळवा. मी रोझीबायला ट्रंककॉल लावायला पाठवलं. वाडीतून क्रुसाच्या वाटेची मिरवणूक चालली होती, त्यातलं रडवेलं गाणं खिडकीतून आत येत होतं, आणि मी खाटेच्या कडेला बसून मामायच्या ओठांना ओला कापूस लावत होते. मला रडू येत नव्हतं. मी देवाला म्हटलं, आता तरी खूश? शेवटी तिला उपाशीच नेणार ना?

मिरवणूक संपल्यावर फादर आले. दिलेला शब्द पाळायला आले होते, खिशात कम्युनियनची डबी होती, हातात आजाऱ्यांना लावायच्या तेलाची कुपी होती. दारात पाऊल टाकताच त्यांना कळलं. त्यांनी वाकून तिच्या कानाशी हाका मारल्या. उत्तर नाही. गिळायची ताकद नसलेल्या माणसाला कम्युनियन देता येत नाही. त्यांनी तिच्या कपाळाला तेल लावलं, मग एकेक करून दोन्ही तळहात उलगडले आणि त्यांनाही लावलं. नेहमीपेक्षा जास्तच लावलं असावं. तळहातांच्या घड्यांत तेल साचून चमकत होतं. "मी उशीर केला," ते म्हणाले. तीनची उपासना होती, सगळी पॅरिश लोटणार होती, त्यांना जावं लागलं. ते तेल पुसायचं नसतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं. तळहात तसेच उताणे ठेवून त्यांवरून हलकंसं फडकं पांघरलं.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. टेबलफॅन घरघरत होता. कारखाने बंद होते, त्यामुळे विमानं सोडली तर कसलाच आवाज नव्हता. असंच एक विमान छपरावरून गेलं आणि मामाय बोलली. "गेला," ती म्हणाली. मला वाटलं मला भास झाला. वळून पाहते तर डोळे उघडे, स्वच्छ, नाताळच्या आधी असायचे तसे. तिनं पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं, तिनं गिळलं. आणखी एक चमचा, तोही गिळला. मग तिनं विचारलं, "फादर कवा येल?"

फादर येऊन गेले होते आणि आता दोघेही फादर वेदीपाशी, सगळ्या लोकांसमोर. संध्याकाळपर्यंत त्यांना कोण कसं बोलावणार? आणि ही संध्याकाळ बघेल का? रोझीबाय तारघरात, आळी रिकामी, सगळे चर्चमध्ये गेलेले. मी उठून दाराशी गेले, कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं. आणि रस्त्याच्या वळणावर मला सायमन दिसला. पांढरा सदरा, उजवा हात खिशावर, मान खाली घालून चालत येत होता.

तो का आला, हे मी त्याला पुढे विचारलं. त्या दिवशी चर्चच्या दाराशी गर्दी आवरायची त्याची पाळी होती. परतलेल्या फादरांनी त्याला फाटकातच सांगितलं होतं की मामाय शुद्धीवर नाही, आता जाऊन उपयोग नाही. तो म्हणाला, तरी शुक्रवार आहे फादर, बसून येतो. आणि मग त्यानं विचारलं, डबी घेऊन जाऊ का? फादर म्हणाले, "घेऊन जा. नाही तरी परत आणायची सवय आहे तुला." यापेक्षा मोठं कारण त्याच्याजवळ नव्हतं. स्वप्न नाही, आवाज नाही. दर शुक्रवारी जायचं म्हणजे जायचं.

तो आत आला, मामायला जागी बघून थबकला. मी धावत मेणबत्त्या लावल्या. पांढरं कापड फादरांसाठी अंथरलेलं होतंच. सायमन स्टुलावर बसला. मामायनं या वेळी पदर ओढला नाही, कदाचित तेवढी ताकद नसेल. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न विचारला, अगदी बारीक आवाजात. "तुजे हाताला तेल लागलाय काय?"

सायमनला आता अर्थ कळत होता. त्यानं मान हलवली. "नाय, मामाय," तो म्हणाला. "माज्या हाताला नाय लागलं. कधी लागायचं पण नाय."

मामायनं हात हलवला, त्यावरचं फडकं घसरलं, आणि तिला आपला तळहात चमकताना दिसला. ती त्याकडे बघत राहिली. "ह्यां कोनी लावलान?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, फादर येऊन गेले, मामाय. तू झोपेत होतीस. "तेल लावलान?" लावलं, मी म्हटलं, दोन्ही हातांना. तिनं दुसराही तळहात डोळ्यांसमोर धरून पाहिला, तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला शब्दांत नाही सांगता येणार. आपण मागत होतो ते आपल्याच हातात आहे असं कळल्यावर माणूस जसा बघेल तशी ती बघत होती.

मग तिनं सायमनचा उजवा हात ओढून घेतला. भात लावलेले, मसाला कुटलेले, साऱ्या गावठाणाचे कान धरलेले ते दोन सुकलेले हात, आणि त्यांच्यामध्ये तो काळ्या रेषांचा फिटरचा हात. तिनं आपले तळहात त्याच्या तळहातावर, मग एकेका बोटावर चोळले, लहान मुलाला आंघोळीआधी चोळतात तसे, सावकाश, कुठली जागा सुटू न देता.

"आता लागलाय," ती म्हणाली. आणि तोंड उघडलं.

सायमनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याला शब्द सुचेनात, तेव्हा मामायच म्हणाली, "बोल की रं." तो म्हणाला, "ख्रिस्ताचं शरीर." ती म्हणाली, "आमेन," आणि तो आमेन तिनं असा ठणठणीत म्हटला की मंगळूरच्या बाईनं तो कॉलनीत ऐकला असता. मी चमच्यानं पाणी पाजलं. ते झाल्यावर तिनं तेच हात माझ्याकडे केले, माझे दोन्ही हात धरले आणि सोडेना. तिचे तळहात अजून तेलकट होते. तशीच धरून ती झोपली. मीही तशीच बसले आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडून प्रार्थना झाली. तिच्यात शब्द नव्हते, नुसती मान खाली गेली. आमच्या घराचा पत्ता देवाला माहीत होता. तो दर शुक्रवारी येत होता आणि पदराआडून परत जात होता.

मामाय आणखी काही दिवस जगली. ईस्टर तिनं खिडकीतून घंटा ऐकत साजरा केला. मुलगा फोनवर जे बोलला ते रोझीबायनं तारघरातून येऊन तिला सांगितलं, तिनं त्याचा आवाजच ओळखल्यासारखी मान डोलावली. पुढच्या शुक्रवारी सायमन आला तेव्हा तिनं तेलाबिलाचं काही विचारलं नाही, त्याला बघताच तोंड उघडलं. त्यानंतरच्या रविवारी, मंगळूरच्या बाईबरोबर रोझरी म्हणता म्हणता, स्वतःच्या अर्ध्या भागात ती थांबली. त्या बाईनं उरलेलं कोकणीत पूर्ण केलं. मिस्टर अंत्यविधीला पोचू शकले नाहीत. शवपेटी विभागानं उचलली, जेवण विभागानं केलं, आणि मी एकदाही विचारलं नाही की हे उपकार कसे फेडू.

फादरांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "टीचर, ते आजाऱ्यांचं तेल होतं. आमच्या हाताला लावतात ते वेगळं असतं. मामायला फरक ठाऊक नसेल." मी म्हटलं, "फादर, मामायला प्रार्थनेतला एक शब्द चुकलेला चालत नव्हता. तिला सगळं ठाऊक होतं." त्यावर ते हसले. "मग मी कोण बोलणारा," ते म्हणाले. आणि लगेच, संधी साधून, त्यांनी मला विचारलं की सायमनवर आता फार घरं झाली आहेत, तुम्ही थोडी घ्याल का?

मामाय तशी शुद्धीवर आली तो चमत्कार होता का, याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. तापात माणसं अशी शुद्धीवर येतात, डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच असेल. मी फक्त एवढं बघितलं की मी भांडून मिळवलेलं सगळं वाया गेलं आणि जे मला हेलपाटे वाटत होते ते पोचलं. तेव्हापासून मी देवाला वेळ आणि माणूस नेमून देत नाही. त्याला ज्याच्या हातून यायचं त्याच्या हातून येऊ दे. दार तेवढं उघडं ठेवते, आणि ते ठेवायची अक्कल मला दिली याबद्दल रोज त्याचे आभार मानते.

मी फादरांना हो म्हटलं, आणि कम्युनियन नेण्याची तयारी झाल्यावर मला पहिलंच घर मिळालं ते बावतीस काकांचं. सायमनच्या हातून ते आता घेत होते, पण बाई, आणि तीही शाळेतली? मी आत गेले, डबी पांढऱ्या कापडावर ठेवली. काका धापा टाकत उशीला टेकून बसले होते. त्यांनी भुवया चढवून मला न्याहाळलं.

"टीचर, तुमचे हाताला तेल लागलाय काय?"

मी माझे हात पाहिले. बोटांच्या रेषांत सकाळच्या वर्गातल्या खडूची पांढरी पूड अजून होती.

"लागलंय, काका," मी म्हटलं. "मामायनं लावलंय."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून तोंड उघडलं.